उशिरा बोलणाऱ्या मुलासोबतचे वर्ष: कानाच्या तपासणीपासून दोन शब्दांच्या वाक्यापर्यंत

डिसेंबर 2024 मध्ये माझा मुलगा दीड वर्षाचा झाला आणि लसीकरणासाठी आम्ही त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्या दिवसापासून या नोव्हेंबरपर्यंत तपासण्या, अहवाल, प्रतीक्षा आणि घरी करायचा सराव यांचा जो क्रम आमच्या घराने अनुभवला, तो इथे लिहून ठेवत आहे. त्या काळात वैद्यकीय माहिती मला पुष्कळ मिळत होती. परंतु एका जागी दोन मिनिटेही न बसणाऱ्या मुलाला घेऊन हे सगळे प्रत्यक्षात कसे पार पाडायचे, किती थांबावे लागते, किती पैसे हाताशी ठेवायचे, हे सांगणारे कोणी भेटत नव्हते. आमच्या मुलाचे जे निदान झाले तेच दुसऱ्या कोणाच्या मुलाचे असेल असे नाही, म्हणून उपचाराचा निर्णय आपापल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. मी केवळ वाटेचे वर्णन करत आहे.

त्या दिवशी गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा बूस्टर होता. इंजेक्शनानंतरचे रडणे ओसरत असताना डॉक्टरांनी सहज विचारावे तसे विचारले, ‘किती शब्द बोलतो?’ मी बोटांवर मोजू लागले. आई, बाबा, कुत्र्याला ‘भू’, खायला हवे असेल तर ‘मम’. त्यापुढे बोट सरकेना. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला आणि बराच वेळ ते मुलाकडेच पाहत राहिले. तो पंख्याकडे बोट दाखवून आमच्याकडे वळून पाहतो का, आम्ही दाखवलेल्या दिशेला त्याची नजर जाते का, नावाने हाक मारल्यावर तो वळतो का, हे त्यांनी तपासले. पहिल्या दोन गोष्टी तो व्यवस्थित करत होता. नावाला मात्र तो कधी वळे, कधी वळत नसे, आणि खेळण्यात रमला असेल तर अजिबात वळत नसे.

त्यानंतर त्यांनी वीस प्रश्नांचा एक कागद भरायला दिला. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांमध्ये स्वमग्नतेची शक्यता चाळून पाहण्यासाठी ‘एम-चॅट’ नावाची ही प्रश्नावली वापरली जाते. प्रत्येक प्रश्नापुढे हो किंवा नाही एवढेच लिहायचे असले, तरी त्या छोट्या खोलीत बसून एकेक खूण करताना माझा हात जड झाला होता. गुण कमी आले, म्हणजे जोखीम कमी आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. तरीही हे निदान नसून पहिली चाळणी आहे आणि दोन वर्षे पूर्ण झाल्यावर ती पुन्हा करू, हेही त्यांनी स्पष्ट केले. मग म्हणाले, ‘उशिरा बोलणारी बरीच मुले पुढे आपोआप गाठतात हे खरे आहे, पण कोणते मूल गाठेल हे आधी सांगता येत नाही. आपण आधी कान तपासून घेऊ. त्यासाठी थांबण्याचे काही कारण नाही.’

घरी परतल्यावर कानाची तपासणी कोणालाच पटली नाही. ‘कुकरची शिट्टी झाली की धावत स्वयंपाकघरात येतो, त्याचे कान कसे खराब असतील?’ असे सासूबाईंचे म्हणणे होते. याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते, ही आठवण त्यांनी त्या महिन्यात वारंवार सांगितली, आणि त्यामागे मला धीर देण्याचाच हेतू होता. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की विचारत, ‘अजून बोलून नाही राहिला का? बोलते हो, पोरं उशिराच बोलतात.’ शिट्टीचा मुद्दा मीही डॉक्टरांना फोनवर विचारला. कुकरची शिट्टी, ताटाचा आवाज, दाराची घंटा हे मोठे आवाज असतात. ते ऐकू येणाऱ्या मुलालाही माणसाच्या साध्या बोलण्यातले बारीक उच्चार ऐकू येत नसण्याची शक्यता असते, असे त्यांनी सांगितले. ताट वाजवून घरी केलेल्या परीक्षेवर कोणीही विसंबून राहू नये, असे मला मनापासून वाटते.

जानेवारी 2025 मध्ये आमच्या नागपुरातल्या धंतोलीतील एका कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ मिळाली. तिथे गाडी लावायला जागा मिळणे कठीण असते, त्यामुळे लहान मूल सोबत असेल तर ऑटोने जाणे सोयीचे पडते. मी एक प्लॅस्टिकची फाइल तयार केली आणि तिच्यात जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचे कार्ड, बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी आणि सर्दी-तापाच्या जुन्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या. या चिठ्ठ्यांचा फार उपयोग झाला. नवजात असताना झालेल्या श्रवण-चाचणीचा कागद सापडला आणि त्यावर ‘पास’ असे लिहिलेले होते, त्यामुळे मला हायसे वाटले होते. परंतु जन्मतः ऐकू येणे चांगले असले तरी पुढे अडचण निर्माण होऊ शकते, म्हणून त्या कागदावर थांबून चालत नाही, असे तज्ज्ञांनी समजावले. ऑक्टोबरपासून झालेल्या लागोपाठच्या सर्द्यांच्या चिठ्ठ्यांवर मात्र त्यांनी पेनाने खुणा केल्या.

तिथल्या ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञ बाईंनी, त्याच दिवशी ओएई (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का हे पाहणारी) आणि टिम्पॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का हे पाहणारी) या दोन चाचण्या केल्या. कानात मऊ रबरी टोक बसवून त्या होतात, वेदना होत नाहीत, पण मूल काही क्षण तरी शांत असावे लागते. मी त्याला मांडीवर घेऊन बसले आणि याच्या बाबांनी समोर साबणाच्या पाण्याचे फुगे उडवले. ही युक्ती सांगून ठेवण्यासारखी आहे, कारण फुगे पाहताना मूल हलत नाही आणि ओरडतही नाही. ओएईमध्ये दोन्ही कानांना ‘पास’ न येता पुढील तपासणीचा शेरा आला आणि टिम्पॅनोमेट्रीचा आलेख, ज्यात मधोमध टोक दिसायला हवे, तो दोन्ही कानांचा सपाट आला. कानाच्या पडद्यामागे पाणी साचले आहे, असा त्याचा अर्थ होता. नाकाच्या मागून मध्यकर्णाकडे जाणारी नळी लहान मुलांमध्ये आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे सर्दीनंतर तिथे साचलेला द्रव सहज निघून जात नाही. ना दुखणे, ना ताप, ना कान वाहणे. म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही.

ऑडिओलॉजिस्ट बाई आम्हा दोघांना म्हणाल्या, ‘कानात घट्ट बोटे घाला आणि मी काय बोलते ते ऐका.’ त्यांनी हळू आवाजात चार-पाच शब्द उच्चारले. कोणीतरी बोलत आहे हे कळत होते, स्वर कळत होते, परंतु स, फ, त, क असे हलके उच्चार विरून जात होते. माझा मुलगा साधारण असे ऐकत असावा, असे त्या म्हणाल्या. याचे बाबा खाली बसून राहिले आणि परतीच्या वाटेवर फारसे बोलले नाहीत. तज्ज्ञांची फी 700 रुपये आणि दोन्ही चाचण्यांचे 1,400 रुपये असा त्या दिवशीचा खर्च झाला. आमच्या आरोग्य विम्यात बाह्यरुग्ण तपासण्यांचा खर्च बसत नव्हता.

पाणी बहुतेक वेळा तीन महिन्यांत आपोआप निघून जाते, म्हणून लगेच शस्त्रक्रिया नको आणि सर्दीची औषधेही या पाण्यावर उपयोगी नाहीत, असे तज्ज्ञांचे मत होते. पाणी टिकून राहिले आणि ऐकण्यात अडचण येत राहिली तर पडद्यात बारीक नळी, म्हणजे ग्रोमेट, बसवावी लागते. मात्र बोलण्याला एवढा उशीर झालेला असल्याने पाण्याव्यतिरिक्त आतील नसेत काही दोष नाही ना, याची खात्री करण्यासाठी त्यांनी बेरा चाचणी सांगितली. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो की नाही हे या चाचणीत यंत्रावर दिसते आणि मुलाने त्यासाठी काही उत्तर द्यावे लागत नाही. त्याने गाढ झोपलेले असणे मात्र आवश्यक असते.

सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत अवघड भाग ही झोपच होती. फेब्रुवारीतली सकाळची वेळ मिळाली होती. मुलाला रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा आणि गाडीत झोपू देऊ नका, असे केंद्राने सांगितले होते. झोपेचे औषध वजनाप्रमाणे तिथेच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. त्याआधी किती वेळ दूध आणि खाणे बंद ठेवायचे हेही त्यांनी लिहून दिले होते. सर्दी किंवा ताप असेल तर तारीख पुढे ढकलावी लागते, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारणे बरे. पहिल्या तारखेला तो औषध घेऊनही झोपला नाही. जड डोळ्यांनी, चिडून, खांद्यावर डोके आपटत तो दोन तास माझ्या कडेवर राहिला आणि आम्ही परत आलो. त्या रात्री मला फार एकटे वाटले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

पुढच्या तारखेला मी त्याची रोजची गोधडी आणि उशी सोबत नेली, आणि दिवा मंद करून त्या खोलीतच बसण्याची परवानगी मागितली. त्याच्या कपाळावरची आणि दोन्ही कानांमागची त्वचा कापसाने पुसून, चिकट लेप लावून इलेक्ट्रोड बसवले गेले. तो थोडा कुरकुरला, मग माझे बोट मुठीत धरून झोपी गेला. यंत्रातून टकटक असे आवाज सुरू झाले आणि पडद्यावर रेषांचे लहान-मोठे उंचवटे उमटू लागले. त्यांतले मला काही कळत नव्हते; ऑडिओलॉजिस्टचा चेहरा वाचण्याचा प्रयत्न करत मी साधारण तासभर तशीच बसून होते. खर्च 2,800 रुपये आला आणि अहवाल दुसऱ्या दिवशी मिळाला. नस व्यवस्थित होती. दोन्ही कानांत सौम्य प्रमाणात ऐकू कमी येत होते आणि त्याचे कारण पडद्यामागचे पाणी हेच होते. औषधामुळे मूल त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सुस्त आणि अडखळत चालणारे राहते, म्हणून घरी कोणीतरी सतत जवळ असावे.

ज्यांना हा खर्च जड वाटेल त्यांच्यासाठी सरकारी मार्ग आहे, आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. जन्मतः असलेले दोष, आजार, कमतरता आणि विकासातील उशीर या चारही गोष्टी त्यात पाहिल्या जातात आणि गरज असेल तर मुलाला जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. तिथली सेवा निःशुल्क असते. मूल अंगणवाडीत जात नसले तरी आपल्या वस्तीतील अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागातही श्रवण-तपासणी होते. केसपेपर सकाळी लवकर काढावा लागतो आणि बेराची तारीख बहुधा काही आठवड्यांनंतरची मिळते, त्यामुळे पहिल्याच भेटीत ती मागून घ्यावी.

मार्चमध्ये स्पीच थेरपी सुरू झाली. पाणी ओसरेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका, कारण हेच महिने भाषेचे आहेत, असे बालरोगतज्ज्ञांचे आग्रहाचे सांगणे होते. थेरपिस्ट निवडताना मी एकच निकष पक्का ठेवला: भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक. तो विचारण्यात काहीही वावगे नाही आणि चांगले थेरपिस्ट तो आपणहून दाखवतात. आम्हाला शंकरनगरजवळचे केंद्र मिळाले. आठवड्यातून एकदा 45 मिनिटे, प्रत्येक वेळेचे 600 रुपये, म्हणजे महिन्याला अडीच हजारांच्या आसपास. आमच्या केंद्रात पावती नाव आणि तारखेसह मागितली तरच मिळत असे, म्हणून मी ती दर वेळी मागून घेत असे.

मी राज्य शासनाच्या सेवेत असून माझे कार्यालय सिव्हिल लाइन्सला आहे. मार्च हा आर्थिक वर्षअखेरीचा महिना असल्याने रजेची बाब नाजूक होती. महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात 180 दिवसांची रजा देण्याचा निर्णय राज्य शासनाने 2018 मध्ये घेतलेला आहे. अर्जासोबत मी मुलाच्या जन्म प्रमाणपत्राची प्रत आणि डॉक्टरांची शिफारस जोडली, पोच घेतली आणि थेरपीचा वार आठवड्याच्या मध्यावरून शनिवारी बदलून घेतला. त्यामुळे रजा कमी लागली आणि मुख्य म्हणजे याच्या बाबांनाही सोबत येता आले. दोघांनी येणे आवश्यक होते, कारण थेरपिस्ट मुलाला शिकवण्यापेक्षा आम्हालाच अधिक शिकवत असत. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितले होते, ‘आठवड्यातला माझा पाऊण तास, बाकी सगळे तास तुमचे. तुमची आंघोळ, तुमचे जेवण, तुमचा जिना, हीच खरी थेरपी आहे.’

त्यांनी प्रथम आमचे प्रश्न थांबवले. ‘हे काय आहे?’, ‘सांग बरं, म्हण बरं’ असे आम्ही दिवसभर विचारत होतो आणि तो तोंड फिरवत होता. त्याऐवजी जे घडत आहे तेच साध्या, छोट्या वाक्यांत बोलायचे, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून बोलायचे आणि बोलून झाल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजत थांबायचे, असे ठरले. हे थांबणे ऐकायला सोपे वाटते, परंतु सकाळी आठ वाजता, डबा भरायचा असताना, दुधाचा पेला हातात धरून ‘दूध की पाणी?’ असे विचारून दहा मोजणे किती कठीण असते हे मला ठाऊक आहे. कधी तो नुसते पाहत राही, कधी पेला ओढे, कधी ओठ हलवी. ओठ हलले की मी ते उत्तर समजून ‘दूध! दूध देते’ असे म्हणत असे. पाणी हवे असतानाही तो ‘आई’ म्हणतो हे थेरपिस्टच्याच लक्षात आले. तो मला हाक मारतो असे समजून आम्ही इतके दिवस त्याला उचलून घेत होतो आणि तो तहानेने रडत असे. ‘पाणी’तली प आणि ण ही व्यंजने गळली की ‘आई’च उरते; या वयात मुले व्यंजने गाळतातच, त्यात काळजीचे काही नाही, आपण फक्त ओठ दिसतील असे समोर बसून ‘पाणी’ म्हणावे, असे त्यांनी सांगितले.

आंघोळ ही आमची सर्वांत चांगली शाळा झाली. स्नानगृहाचे दार लावले की बाहेरचा गोंगाट नसतो, मूल बादलीजवळ एका जागी बसते आणि रोज त्याच गोष्टी त्याच क्रमाने घडतात. ‘पाणी आले. हात धू. पाय धू. पोट धू.’ तांब्याने पाणी ओतण्याआधी मी हात वर धरून थांबत असे. तो वर पाही, वाट पाही. एप्रिलमध्ये कधीतरी त्याने त्या थांबलेल्या तांब्याकडे बघून ‘धू’ म्हटले. मी लगेच पाणी ओतले आणि तो खळखळून हसला. त्या आंघोळीला अर्धा तास लागला आणि कार्यालयात पोहोचायला उशीर झाला.

खाऊचा डबा घट्ट झाकण लावून त्याच्या हाती द्यायचा, म्हणजे त्याला मदत मागावी लागते, हीही त्यांचीच सूचना. सासूबाईंना सुरुवातीला हे पटले नाही, नातवाला रडवून बोलायला लावायचे हे त्यांना क्रूर वाटले. मी त्यांना एका शनिवारी केंद्रात घेऊन गेले. मुलाला रडू द्यायचे नसते, चेहरा रडवेला व्हायच्या आत डबा उघडायचा असतो, हे थेरपिस्टने त्यांना प्रत्यक्ष करून दाखवले. त्या दिवसापासून दुपारचा सगळा सराव सासूबाईंनी आपल्या हाती घेतला आणि खरे सांगायचे तर तो माझ्यापेक्षा त्यांनीच अधिक नेमाने केला. संत्र्याची एकेक फोड देताना ‘अजून?’ म्हणून थांबण्याची कल्पना त्यांचीच. ज्या घरात आजी-आजोबा आहेत, तिथे त्यांना एकदा तरी थेरपिस्टसमोर बसवावे.

एका वहीत आम्ही शब्द लिहीत गेलो. प्राण्यांचे आवाज आणि अर्धवट पण दर वेळी त्याच अर्थाने वापरलेले उच्चारही शब्द म्हणून धरायचे असतात, हे कळल्यावर वही भरू लागली. ‘भुर्र’, ‘गाई’, ‘टाटा’, मांजरीला ‘माऊ’. अठरा महिन्यांना दहाच्या आसपास आणि दोन वर्षांना पन्नासच्या आसपास शब्द व दोन शब्दांची जोडी, असा सर्वसाधारण आडाखा त्यांनी दिला होता. मात्र वही आकड्यासाठी नसून कोणत्या प्रसंगी शब्द येतात हे पाहण्यासाठी आहे, असेही बजावले होते. नागपुरात घरी मराठी, खाली चौकीदाराशी आणि ऑटोवाल्याशी हिंदी, असे वातावरण असल्यामुळे मूल गोंधळले असावे असे अनेकांनी सुचवले. दोन भाषा कानावर पडल्याने बोलण्याला उशीर होत नाही, असे थेरपिस्टने स्पष्ट सांगितले आणि आम्ही काहीही बदलले नाही. घरात जेवताना मोबाईल आणि टीव्ही बंद हा नियम पूर्वीपासून होता, तो तसाच ठेवला. दोन वर्षांखालील मुलांना अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलपलीकडे पडदा दाखवू नये, अशीच बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेची शिफारस आहे.

केंद्रात जाताना आम्ही सुभाषनगरहून शंकरनगरपर्यंत मेट्रोने जात असू. वाटेत अंबाझरी तलाव दिसतो. दार बंद होण्याची सूचना, गाडीचा वेग, खालचे पाणी, हे सारे तो डोळे विस्फारून पाही आणि आम्ही दोघे आळीपाळीने ‘मेट्रो आली’, ‘पाणी, मोठे पाणी’ असे म्हणत असू. शेजारी बसलेली माणसे काहीशा कुतूहलाने पाहत. सासूबाई सोबत होत्या त्या दिवशी एका वृद्ध गृहस्थांनी ‘नातू आहे काय हो, लई हुशार दिसते’ असे त्याच्या आजीला म्हटले, त्याचा आनंद त्यांना आठवडाभर पुरला.

एप्रिलच्या मध्यावर नागपूरचा उन्हाळा सुरू झाला आणि एक अडचण उभी राहिली, जी कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेली नव्हती. आमच्या दिवाणखान्याच्या खिडकीत मोठा कूलर आहे. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या पुढे असताना तो सकाळी दहापासून रात्रीपर्यंत चालतो आणि त्याच्या घरघरीत मोठी माणसेही आवाज चढवून बोलतात. सौम्य प्रमाणात कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी त्या आवाजात आमचे बोलणे जवळजवळ बुडून जात होते. वहीतल्या नोंदी मे महिन्याच्या सुरुवातीला अचानक कमी झाल्या, तेव्हा हे माझ्या ध्यानात आले. ऑडिओलॉजिस्टने सांगितले की, मागून सतत आवाज येत असेल तर अशा मुलाशी एका हाताच्या अंतरावरून आणि समोरूनच बोलावे. आम्ही त्याचे खेळणे-खाणे कूलरपासून दूर, आतल्या खोलीत हलवले. तिथे खसाचा पडदा लावून पंखा सुरू ठेवला आणि गोष्टींच्या पुस्तकासाठी पहाटेची वेळ ठरवली, कारण तेव्हा कूलरची गरज नसते. पंधरा दिवसांत फरक दिसला. विदर्भातल्या ज्या घरांत मुलाच्या कानात पाणी आहे, त्यांनी उन्हाळ्यात हे अवश्य लक्षात ठेवावे.

मे महिन्यातल्या फेरतपासणीसाठी आम्ही सकाळची पहिलीच वेळ घेतली. उजव्या कानाच्या आलेखाला टोक आले होते, डावा अजून सपाट होता. ग्रोमेटचा विषय पुन्हा निघाला. तज्ज्ञांनी मुलाच्या शब्दांची वही चाळली, थेरपिस्टचा अहवाल वाचला आणि प्रगती होत आहे तोवर आणखी थांबू, असे ठरवले. जुलैमध्ये पावसाळ्यातली एक सर्दी होऊन गेल्यावर आम्ही धाकधुकीने गेलो, तर दोन्ही कान मोकळे झाले होते. शस्त्रक्रिया टळली. ज्यांच्या मुलांना ती करावी लागते त्यांनी घाबरू नये, असेही त्या वेळी प्रतीक्षालयात भेटलेल्या एका आईकडून ऐकले. तिच्या मुलीला ग्रोमेट बसवल्यावर त्याच दिवशी घरी सोडले होते.

या काळात मला सर्वाधिक त्रास इतर मुलांकडे पाहताना झाला. माझ्या मुलाच्या बरोबरीची बागेतली मुले कविता म्हणत आणि माझा बोट दाखवून ‘अं, अं’ करी, तेव्हा मी नजर दुसरीकडे वळवत असे. थेरपिस्टना हे सांगितले तेव्हा त्यांनी उपदेश केला नाही. त्याची तुलना त्याच्याच मार्चमधल्या पानाशी करा, एवढेच म्हणाल्या. मी वहीचे मार्चचे पान उघडून पाहत असे आणि पुष्कळदा त्याने मन थाऱ्यावर येत असे. काही वेळा येत नसे, तेव्हा याचे बाबा मुलाला बाहेर नेत आणि मी अर्धा तास कोणाशीही न बोलता बसत असे. आईलाही असा वेळ ठरवून मिळायला हवा, असे मला वाटते.

दोन वर्षे झाल्यावरची प्रश्नावली पुन्हा भरली, गुण कमीच आले. ऑगस्टमध्ये पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सासऱ्यांनी लाकडी बैल सजवून दिला. बेगडी शिंगे, गळ्यात घुंगरू, चाकांच्या पाटावर उभा. मुले आपापले बैल ओढत वस्तीत निघाली, घरोघरी खाऊ मिळत होता. आमच्या फाटकाशी बैलाचे चाक अडकले. त्याने दोरी ओढून पाहिली, मागे वळला आणि म्हणाला, ‘बाबा, बैल दे.’ ‘बैल’ मधला ल अर्धाच होता. याच्या बाबांनी चाक सोडवले, सासूबाई लगेच वही आणायला आत गेल्या आणि पान संपत आले होते म्हणून त्यांनी समासात ते वाक्य लिहिले.

आता नोव्हेंबर आहे आणि तो अडीच वर्षांचा होत आला आहे. थेरपी पंधरा दिवसांतून एकदा झाली आहे. सध्याचे काम क्रियापदांचे आणि तीन शब्दांच्या वाक्यांचे आहे. त्याचे काही उच्चार घराबाहेरच्यांना अजून कळत नाहीत. हिवाळ्यातल्या सर्द्यांनी पाणी पुन्हा साचू शकते, म्हणून पुढची टिम्पॅनोमेट्री जानेवारीच्या अखेरीस ठरली आहे. त्याआधी सर्दी दहा दिवसांपेक्षा अधिक रेंगाळली किंवा तो पुन्हा नावाला वळेनासा झाला, तर तारखेची वाट न पाहता यायचे, असे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. पुढच्या वर्षी नर्सरीचे अर्ज भरायचे आहेत. सर्व अहवालांच्या दोन-दोन प्रती काढून मी त्या फाइलमध्ये लावल्या आहेत आणि वर्गशिक्षिकेला द्यायची एक लहान चिठ्ठी थेरपिस्टकडून मागून घेतली आहे: याला पुढच्या रांगेत, खिडकीपासून दूर बसवावे आणि सूचना समोरून द्याव्यात.